टोकावड्याच्या फाट्यावरचं पान

किन्हवली, ३० मार्च

श्वेता,

जय भीम. फोनवर तू मला बंद केलं आहेस. टपालखात्यात ती सोय अजून आलेली नाही, म्हणून हे पत्र. पत्ता तुझ्या आईनं दिला. तिला रागावू नकोस. बंगळूरला तुला दिवाळी अंक पाठवायचा आहे, असं मी तिला सांगितलं. मार्चमध्ये दिवाळी अंक म्हटल्यावर वहिनीनं माझ्याकडे जरा पाहिलं, पण पत्ता लिहून दिला.

काल शाळा सुटल्यावर मी नेहमीसारखा शनिवारचा गावाकडे निघालो. टोकावड्याच्या फाट्यावर उतरलो आणि समोर बघतो तर आपल्या घराएवढं केळीचं पान. माळशेजच्या वाटेवर कुठलं तरी नवं रिसॉर्ट झालंय, त्याची जाहिरात. पानावर भाताची मूद, वालाचं बिरडं, कुरडई, पापड, आणि वरून एका बाईचा हात तूप वाढतोय. शेजारी भला मोठा बाण: 'डावीकडे दोन किलोमीटर'. आणि खाली कोपऱ्यात, मुंगीनं लिहावं एवढ्या अक्षरात, तुझं नाव.

मी गावात जाणारी एक बस सोडली. पापडावरचे फोड मोजले, बावीस भरले. एवढा मोठा पापड मी आयुष्यात पाहिला नव्हता आणि एवढ्या जवळून तर कुणीच पाहत नाही. आपण तो लगेच मोडतो. तेव्हा काही प्रश्न आहेत. आमचे चित्रकलेचे सर म्हणतात की भातावरची वाफ खोटी असते, मागे उदबत्ती धरतात. खरं का? तूप थेंब होऊन लोंबतंय, ते त्या क्षणी कसं सापडलं? की बाईंना शंभर वेळा वाढायला लावलंस?

आणखी एक. पानात मीठ, लिंबू, चटणी उजव्या अंगाला आहे आणि भाजी डाव्या. हे तर दिवसाचं पान झालं. गेलेल्या माणसासाठी असं उलटं वाढतात. श्राद्धाच्या जेवणाची जाहिरात करणारं रिसॉर्ट अजून माझ्या पाहण्यात नव्हतं. कल्पना नवी आहे, पण गिऱ्हाईक कसं येणार? माझ्या बाजूला एक टोपीवाले म्हातारबाबा तेच पाहत उभे होते. आमची थोडी चर्चा झाली. गोड माणूस. त्यांनी मला तंबाखू दिली, जी मी खात नाही, पण घेतली.

तू इथं येऊन गेलीस आणि मला कळलंही नाही, याबद्दल मी काही लिहीत नाही. हे वाक्य लिहिलं म्हणजे लिहिलं असं धरू नकोस.

तुझा काका,
रत्नदीप


टोकावडे, ९ एप्रिल

श्वेता,

तुझं कार्ड मिळालं. 'वाफ खरी आहे. बाकी ठीक.' पाच शब्द. आम्ही संस्कृतवाले सूत्रं शिकवतो, तेव्हा संक्षेपाचं मला वावडं नाही. पण सूत्राला भाष्य लागतं, आणि यावेळी ते लगेच लागणार आहे. सुट्टी टाकून गावी आलोय. तमाशा झाला आहे, तुला माहीत असलेला बरा.

तो हात गीताबाईंचा आहे, अनिलच्या आईचा. मला परवा कळलं. तू अनिलच्या केळवणाला त्यांच्या घरी होतीस, शाळेपासूनचा तुझा मित्र म्हणून त्यानंच तुला बोलावलं, फोटो रिसॉर्टला द्यायलाही तोच हो म्हणाला. इथवर सगळं रीतसर. आता पुढचं.

अनिलचं लग्न अठरा मेला ठरलेलं. मुलगी अनिता, वरच्या अंगाच्या गावातली. तिचे आजोबा धाऊबाबा मुरबाडच्या बाजाराला निघाले होते. फाट्यावर त्यांनी ते पान पाहिलं, कुणीतरी त्यांना ते कसलं पान आहे हे सांगितलं, आणि हातावरचं गोंदण त्यांनी स्वतः ओळखलं. मनगटावरचं तुळशीवृंदावन पाच गावांना माहीत आहे, कारण पाच गावांच्या लग्नांत पहिलं पान गीताबाई वाढतात. धाऊबाबांनी घरी जाऊन निरोप पाठवला: नवऱ्यामुलाच्या केळवणाला त्याच्या आईनं मेलेल्याचं पान वाढलं, तेही डाव्या हातानं. याचा उलगडा होत नाही तोवर तारीख नाही.

काल मी गीताबाईंकडे गेलो. अंगणात अनिल भेटला. "काका, आयनं आठ दिवस झाले वाढायला हात लावला नाय. शिजवते आन बाजूला होते. आमी आमचं घेतो."

गीताबाई ओट्यावर वाल सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गुरुजी, डाव्या हातानं मी कुत्र्याला पण तुकडा टाकला नाय कवा. आता फाट्यावर उभी राहून सगळ्या जगाला डाव्या हातानं वाढते. येश्टीतनं लोकं बघत्यात." मग उजवा हात पुढे केला. वृंदावन त्या हातावर. मी फाट्यावर जाऊन पुन्हा पाहिलं. तिथं वृंदावन डाव्या हातावर.

तेव्हा शक्यता दोनच. एक तर गीताबाईंनी हात बदलला, नाहीतर तू चित्र. गीताबाईंना मी चाळीस वर्षं ओळखतो.

तू चित्र उलटं केलंस का? केलंस तर का? मी रागानं विचारत नाही. तुमच्या धंद्यात असं करतात का, एवढंच खरोखर समजून घ्यायचं आहे.

गावात काय बोलतात तेही लिहितो, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं. पारावर एकजण म्हणाला, "त्या आळीतली पोर. मुद्दाम केलं आसंल." माझ्यासमोर म्हणाला. मग मी आहे हे लक्षात आल्यावर म्हणाला, "तुमचं नाय म्हणत, गुरुजी." मी विचारलं, मग कोणाचं म्हणतोस? तो विडी शोधायला लागला.

उत्तर सविस्तर दे. शब्दांना टपालखातं जास्तीचं वजन धरत नाही.

काका


किन्हवली, १९ एप्रिल

श्वेता,

चार पानी पत्र आलं. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चष्मा पुसून.

म्हणजे बाण डावीकडे होता म्हणून. मूळ चित्रात गीताबाईंचा हात डावीकडून येऊन उजवीकडे वळतो, रिसॉर्ट तर डाव्या हाताला, आणि डोळा हाताच्या मागून जातो, म्हणून तू चित्र आरशासारखं फिरवलंस. एक बटण. 'आम्ही रोज करतो काका, केकचं करतो, बिर्याणीचं करतो, कुणाला कळत नाही.' हे मला फार आवडलं. बिर्याणीला उजवं-डावं नसतं. पानाला असतं, आणि ते तुला ठाऊक नव्हतं.

कसं ठाऊक असणार? छप्पन साली आजोबांनी देव सोडले, त्याबरोबर सोवळं, श्राद्ध, पानाचा शेंडा कुठल्या बाजूला हे सगळं गेलं. चांगलं झालं. आपल्या घरात तीन पिढ्या मीठ जिथं हात पोचेल तिथं असतं. मीच एक घरातला चमत्कारिक, ज्यानं देव गेल्यावर तीस वर्षांनी देवांची भाषा धरली. त्यामुळं मला माहीत. चूक तुझी आहे, पण ती तुझ्या अडाणीपणाची नाही. आजवर ज्या पंगतीत आपल्याला बसवलं नाही तिथली रीत तुला कुणी शिकवायची होती?

आता तुझा प्रश्न. शेवटी, शाई बदलून, अधोरेखित करून विचारलास: 'धाऊबाबांना ते कुणी सांगितलं?'

मी.

पहिल्या पत्रातले टोपीवाले म्हातारबाबा तेच. ते नुसते म्हणाले होते, "गुरुजी, ह्या पानात कायतरी खटकतंय." माणसाला काही खटकावं आणि त्यानं मला विचारावं, असा योग वर्षातून एकदा येतो. मी त्यांना अपसव्य म्हणजे काय इथपासून सुरू केलं. देवांचं उजवं, पितरांचं डावं, पान कसं फिरतं, शेंडा कुठं, मीठ कुठं. एक बस गेली ती पापडामुळं नव्हे, यामुळं. ते मान हलवत होते, मला वाटलं ते शिकतायत. मग ते गोंदणाकडे टक लावून बघत राहिले आणि मला वाटलं ते प्रभावित झालेत.

दुसऱ्या पत्रात मी 'कुणीतरी' असं लिहिलं. वर्गात कुणी 'कुणीतरी' म्हणालं की मी त्याला उभा करतो. तेव्हा आता उभा आहे.

आणि उभा आहेच तर तीन वर्षांपूर्वीचंही घे. दादाच्या पुण्यानुमोदनाला, भरल्या घरात, तू बँकेची नोकरी सोडल्याचं सांगितलंस आणि मी म्हणालो, चित्रातल्या भाकरीनं कुणाचं पोट भरत नाही. लोक हसले. मला हसलेले आवडतात. तू उठून गेलीस. वाक्य चुकीचं नव्हतं; पण बाप जाऊन वर्ष न झालेल्या मुलीला ते ऐकवणारा माणूस चुकीचा होता. शिवाय चित्रातल्या भाकरीनं लग्न मोडतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. म्हणजे तिच्यात काही ताकद असणार.

मूळ फोटो पाठव. एक नको, त्या दिवशीचे सगळे पाठव. मी धाऊबाबांकडे जातो. माझं ज्ञान मीच परत घेऊन येतो.

काका


टोकावडे, २८ एप्रिल

श्वेता,

पेनड्राइव्ह पोचला. मुरबाडला शामच्या स्टुडिओत बसून त्रेचाळीस फोटो पाहिले. शाम लग्नाचे अल्बम करतो. तोही काम सोडून बसला. मी पंचवीस वर्षं मुलांना सांगतोय की नीट बघा, आणि मी स्वतः असं कधी बघितलेलं नाही. अकराव्या फोटोत तुपाची धार जाड आहे, बाराव्यात ती तुटते, तेराव्यात थेंब. सतराव्यात गीताबाई तुझ्याकडे बघून काहीतरी म्हणतायत आणि हसतायत. काय म्हणाल्या? एकतिसाव्यात भिंतीवर तुझी सावली आहे, एक पाय खुर्चीवर, एक पाटावर. असं तासन्‌तास उभं राहणं म्हणजेही काम, हे चित्रातल्या भाकरीचं बोलताना मी धरलंच नव्हतं. शाम म्हणाला, "मास्तर, ही पोरगी घाई करत नाय." त्याच्या तोंडून ही पदवी समज.

फाट्यावरचं मूळ चित्र मोठं छापून घेतलं आणि काल धाऊबाबांकडे गेलो.

ते खळ्यात बसले होते. आधी मी सांगितलं की त्या दिवशी फाट्यावर व्याख्यान देणारा मूर्ख मी, आणि पुतणी माझीच. ते म्हणाले, "पुतणी कळली होती. मूर्ख आत्ता कळला." मग फोटो पुढे ठेवला. हात उजवा, मीठ डावीकडे, सगळं जागेवर. त्यांनी बराच वेळ पाहिला. पालथा घालून मागची बाजूही पाहिली.

"मशिनीत फिरवला?"

"एका बटणानं."

"मंग हाच फिरवलेला नाय कशावरून? फाट्यावरचा खरा आन ह्यो फिरवलेला."

न्यायशास्त्राचे ग्रंथ वाचलेला माणूस मी, आणि एका प्रश्नात गार. मी म्हणालो, बाकीचे बेचाळीस आहेत. ते म्हणाले, "बटण त्येंला पण आसंल." मी गोंदण दाखवलं, गीताबाईंचा उजवा हात जाऊन बघा म्हटलं. "गोंदण उजव्यावर हाय ते मला ठाव हाय. पन त्या दिशी पान कसं मांडलं, ते कागदाला इचारून काय उपेग? कागद दोन्ही तोंडानं बोलतो."

मागून अनिता चहा घेऊन आली. ती ठाण्याला एका दुकानात कामाला आहे, रोजचं जाणं-येणं. कप ठेवताना म्हणाली, "आजोबा, माझी सुट्टी मंजूर झालीय अठरा तारखेची. परत टाइम मागितला तर कामावरनं काढतील." ते म्हणाले, "तू गप." ती आत मात्र गेली नाही.

शेवटी धाऊबाबा म्हणाले, "मी येतो जेवाया. रविवारी. तिनं वाढायचं. बगतो."

रिसॉर्टबद्दल तू लिहिलंस ते वाचून मात्र मी बराच वेळ शामच्या बाकावर बसलो. बोर्ड उतरवा म्हणून तू त्यांना कळवलंस, त्यांनी उतरवायचं कबूल केलं, आणि वर्षभराचं मेन्यूच्या फोटोंचं काम दुसऱ्या कुणाला दिलं. तीन वर्षांतलं तुझं सगळ्यात मोठं काम. मला आधी विचारलं असतंस तर मी कदाचित म्हणालो असतो, थोडं थांब, रविवार होऊ दे. म्हणून विचारलं नाहीस, ते बरं केलंस.

काका


टोकावडे, ४ मे, संध्याकाळ

श्वेता,

जसं झालं तसं लिहितो. ताजं आहे.

धाऊबाबा अकराच्या एसटीनं आले, नवी टोपी घालून. मी अंगणात होतो, मला म्हणाले, "तुमी बोलायचं नाय." मी कबूल केलं.

माजघरात पाच पानं मांडली होती. धाऊबाबा पाटावर बसले, आणि गीताबाई आत भाताचं पातेलं घ्यायला वळल्या तेव्हा त्यांनी आपल्या पुढ्यातलं पान उचललं, फिरवलं आणि उलटं ठेवलं. शेंडा उजवीकडे. मी दारातून पाहिलं. अनिलनंही पाहिलं, त्याचा चेहरा उतरला. मला तर बोलायची बंदीच होती.

गीताबाई बाहेर आल्या. पहिलं पान वाढलं: मीठ, लिंबू, चटणी, लोणचं. हात बघत नव्हता, नुसता जात होता. दुसऱ्या पानाशी, म्हणजे धाऊबाबांपुढे वाकल्या आणि हात मिठासकट थांबला.

"व्याही, पान फिरवा."

"का गो? पान ते पान."

"हितं जिती माणसं जेवत्यात. फिरवा, नायतर मी फिरवते."

आणि थांबल्या नाहीत. वाटी खाली ठेवली, पान फिरवलं, ओल्या हातानं पुसलं आणि मीठ वाढलं. डावीकडे. मग वर बघून म्हणाल्या, "परीक्षा झाली आसंल तर भात वाढू?"

धाऊबाबा म्हणाले, "वाढ." दोनदा भात घेतला. हात धुताना अनिलला म्हणाले, "अठराला गाड्या दोन लागतील आमच्याकडनं, एकीत मावत नाय." त्यावरून आम्हाला कळलं.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाही. मला पाचवं पान दाखवून गीताबाई म्हणाल्या, "गुरुजी, दारात काय उभे ऱ्हायलात, बसा." मी बसलो. बावन्न वर्षांचा आहे, त्या घराच्या ओट्यावर शेकडो वेळा चहा प्यालोय, आत बसून जेवलो आज पहिल्यांदा. बिरडं चांगलं होतं. याहून जास्त मला आत्ता लिहिता येत नाही.

जेवणं झाल्यावर गीताबाई बाहेर आल्या आणि माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "तुमची पोर चार तास हुती आमच्यात. चुलीपर्यंत आली. तुपाचा वास घेऊन म्हनली, मावशी, थांबा, आजून एकदा. मी हसले." (सतरावा फोटो. आता कळलं.) "आन जेवली नाय. सगळी उठली, पानं काढली, आन ती फोटूची डबी बंद करून गेली. मला नंतर ध्यानात आलं. मी इचारलं नाय, तिनं मागितलं नाय. एक पान पुढ्यात घेऊन बसली आसती तर मीठ कुठं आस्तं ते तिला कोन सांगायला लागलं आस्तं का?"

मी विचारलं, "विचारायचं राहिलं, की विचारलं नाहीत?"

हा प्रश्न मी सहज विचारला नाही आणि त्यांनीही सहज घेतला नाही. म्हणाल्या, "सासू आसती तर म्हनले आस्ते तिच्यामुळं. सासू जाऊन धा वर्सं झाली."

श्वेता, आता तुला विचारतो, आणि उत्तर द्यायलाच हवं असं नाही: तू काम म्हणून जेवली नाहीस, की कुणी बोलावलं नाही म्हणून? की बोलावणार नाहीत हे धरूनच आली होतीस? त्रेचाळीस फोटो मी पुन्हा काढून बसलो होतो. त्यात सहा पानं आहेत आणि सहाही दुसऱ्यांची.

बोर्ड कालच उतरला. सांगाड्यातून आता मागचा डोंगर दिसतो. तुझं काम गेलं ते गेलं, त्याला मलम लावायला माझ्याकडे श्लोक नाही. शाम मात्र विचारत होता की ती लग्नाचे घेईल का. मी म्हणालो, तिला विचार, मी तिच्या वतीनं बोलणं बंद केलंय.

लग्नाची अक्षत गीताबाईंनी माझ्या हातात दिली, तुझ्यासाठी आणि वहिनीसाठी वेगवेगळी. आपण अक्षता मानत नाही, तांदूळ मानतो, पाकिटात घालतोय. निघताना त्यांनी अंगणातून परत हाक मारली.

"गुरुजी, पाव्हण्यांच्या पंगतीत नाय बसवायची तिला. समद्यांचं झालं की घरच्या बाया बसतो आमी, शेवटाला. तवा तिचं पान माझ्या बाजूला. आसंच लिवा."

लिहिलं.

काका